ओटीवरचं आकाश

गेल्या चैत्रापर्यंत आमच्या घरात इंटरनेट ओटीवर नांदायचं, माजघरात घुटमळायचं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी संपायचं. बाळंतिणीच्या खोलीत असलं तर असायचं. मागल्या पडवीत नसायचंच. घर राजापूरकडचं, शंभरी ओलांडलेलं, जांभ्या चिऱ्याचं, भिंती दीड-दीड फुटांच्या. मी रत्नागिरीला कॉलेजात भारतीय दर्शनं शिकवत असे; निवृत्तीनंतर या सासरच्या घरी राहायला आले. इथे धाकटे दीर आहेत, जाऊबाई आहेत, पुतण्या आणि त्याची बायको आहे. सूनबाई पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. दार लावून बसता येईल अशी खोली घरात एकच, बाळंतिणीची, म्हणून तिची कचेरी तिथे. त्या काळोख्या खोलीतून दिवसभर एकच प्रश्न ऐकू यायचा, "माझा आवाज पोचतोय ना?" प्रार्थनेचा गाभा इतक्या थोडक्यात मला कुठल्या स्तोत्रात सापडला नव्हता.

फायबरची काळी वायर विजेच्या खांबांवरून येते. ती घेऊन आलेला मुलगा ओटीवर थांबला आणि तिथेच डबा ठोकून गेला. त्याला आत या म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि आत जावं असं त्यालाही वाटलं नाही. या घरात परकं माणूस ओटीवरच थांबतं. तलाठी, पोस्टमन, सोयरीक घेऊन येणारे, सगळे तिथेच. माजघरापर्यंत येतो तो आपला. स्वयंपाकघरात येतो तो सोवळ्यातला. आणि मागल्या पडवीत जी माणसं यायची, त्यांना पुढून यायची वाटच नव्हती. भिंती नुसत्या छप्पर पेलायला उभ्या नव्हत्या. ओटीवर निघालेला हुकूम आत ऐकू जावा आणि आतला शब्द ओटीवर येऊ नये, यासाठीही त्या होत्या. पुतण्याने फोनवर एक ॲप घेऊन घरभर फिरून कागदावर रेंजचा नकाशा काढला, तो बघताना मला हे दिसलं. जिथे जिथे रेंज मेली होती त्या सगळ्या बायकांच्या आणि कामकऱ्यांच्या जागा होत्या. पणजोबांनी काही वायफायचा विचार करून घर बांधलं नव्हतं. पण कुणापर्यंत काय पोचावं याचा त्यांनी नक्की विचार केला होता, आणि नव्या लहरीने तो इमानेइतबारे पाळला.

तक्रार केल्यावर मुलगा पुन्हा आला. ओटीवर उभं राहूनच त्याने आपला फोन पाहिला. "काकू, लाइन एकदम ओके आहे. इथे फुल येतंय. आत येत नसेल तर तुमचे फोन जुने झालेत."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, वेगळ्या भाषेत. वैशेषिकांच्या मते आकाश एक, अखंड आणि विभु, म्हणजे सगळीकडे असलेलं. शब्द हा त्याचा गुण. आणि कान म्हणजे दुसरं काही नव्हे, कानाच्या पोकळीने वेढलेलं तेच आकाश. आता अडचण उभी राहते. आकाश सगळीकडे सारखंच, तर बहिऱ्याच्या कानातही ते आहेच. मग त्याला ऐकू का येत नाही? प्रशस्तपादांचं उत्तर असं की कानातलं आकाश ऐकायला समर्थ होतं ते त्या माणसाच्या धर्म-अधर्माच्या जोरावर. ज्याचं अदृष्ट आड येतं, त्याचा कान नुसतं भोक राहतो. दुरून ऐकू न येण्याचं कारण हेच लोक अंतरात शोधतात, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण एकदा तत्त्व सर्वव्यापी ठरवलं की उणीव टाकायला जागाच उरत नाही. ती शेवटी घेणाऱ्याच्या माथी येते. लाइन ओके आहे, तुमचा फोन जुना आहे.

मीमांसक याहून पुढे जातात. त्यांच्या लेखी शब्द नित्यच आहे, तोही सर्वत्र आहे. आपण बोलतो तेव्हा तो जन्मत नाही, फक्त प्रकट होतो. वैशेषिकांच्याच बाजूच्या नैयायिकांनी विचारलं, सर्वत्र असलेला आणि अवयव नसलेला शब्द एका ठिकाणी प्रकट झाला तर तो काशीतही ऐकू यायला हवा, रामेश्वरातही. कुमारिलांचं उत्तर पुन्हा कानापाशीच येतं: संस्कार होतो तो त्या त्या माणसाच्या श्रोत्रावर. शब्द उत्पन्न होतो की प्रकट होतो यावर या दोन पक्षांनी कित्येक शतकं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही म्हणायला हरकत नाही. तरी न ऐकू येणाऱ्याच्या बाबतीत दोघांचं बोट एकाच दिशेला वळतं. वर्गात मी हे फार कौतुकाने सांगत असे आणि मुलं निमूटपणे उतरवून घेत. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभं राहिल्यावर ते कौतुक टिकत नाही.

लहर विभु नाही, ही तिची मोठी सुटसुटीत गोष्ट. तिचं कुठे काय झालं हे विचारता येतं. विश्वनाथांच्या 'भाषापरिच्छेदा'त शब्द पसरण्याच्या दोन रीती दिल्या आहेत. एक वीचितरंगन्याय, पाण्यावरच्या लाटेमागे लाट. दुसरी कदंबगोलकन्याय, कदंबाच्या फुलाचे केसर जसे सगळ्या अंगांनी एकदम फुटतात तशी. राउटरच्या काडीभोवतालची पसरण कदंबाच्या जवळची, पण पुरती गोल नाही. काडी उभी असेल तर लहर आडवी दूर जाते, काडीच्या डोक्यावर आणि तळाशी क्षीण असते. म्हणून डब्याच्या बरोब्बर वरच्या माडीवर कमी पोचते. ताकद म्हणाल तर अशा डब्यातून साधारण एका वॅटचा दहावा भाग बाहेर पडतो. जवळ असतानाही त्यातला कणभरच फोनला लाभतो. पुतण्याच्या ॲपवर उणे आकडे दिसतात: उणे साठीच्या आसपास सगळं सुरळीत, उणे सत्तर म्हणजे एका वॅटचा दहा अब्जावा भाग, तिथेही काम भागतं. उणे ऐंशीच्या खाली चित्र गोठतं. दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते. ओटी उणे चाळीस, स्वयंपाकघर उणे शहाऐंशी.

वायफायच्या लहरी दोन लांबींच्या. २.४ गिगाहर्ट्झची सुमारे १२ सेंटिमीटर, ५ ची सुमारे ६. लांब लहर भिंतीतून बरी जाते, पण शेजारपाजारचे सगळे डबे तिथेच कोंडतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात बडबडतो. आखूड लहरीचा वेग जास्त, भिंतीपुढे ती लवकर हार मानते. जांभ्यात लोह असतं आणि तो अंगभर छिद्रांचा, म्हणून पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो. ओल्या भिंतीतून लहर आणखी दमते. आमच्याकडे श्रावणात माजघरातही बोंब असायची ती यामुळे. भिंत तिरकी ओलांडावी लागली तर दीड फुटांचे अडीच होतात, हे तर भूमितीच सांगते. लोखंडी कपाट, बिलोरी आरसा, पितळेच्या भांड्यांची मांडणी यांच्यावर आपटून लहर परतते, आणि एकाच निरोपाच्या अनेक प्रती मागेपुढे येऊन एकमेकींत मिसळतात. या घोटाळ्यातून मूळ निरोप सोडवायची रीत ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओसुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात बसवली. त्याआधी ओसुलिव्हन हॉकिंगने वर्तवलेल्या, विरत चाललेल्या चिमुकल्या कृष्णविवरांची हाक शोधत होते. ती काही सापडली नाही. त्या शोधातलं गणित आमच्या मांडणीपाशी कामाला आलं.

आणि आणखी एक. २.४ चा पट्टा आपल्या देशात विनापरवाना वापरायला मोकळा झाला तो २००५ साली. त्याआधी असली लहर सोडायची तर सरकार आड येत होतं. आकाश कुणाच्या बापाचं नाही, हे वाक्य वाटतं तितकं जुनं नाही.

अद्वैत्याला हे सगळं पोरकट वाटेल. घटाकाश आणि महाकाश यांत भेद नाही, घडा ही उपाधी आहे, घडा फुटला की आकाश आकाशाला मिळतं असंही नाही, ते वेगळं कधी नव्हतंच. दहा गुणांना हमखास येणारा प्रश्न. माझं मत असं बनत चाललं आहे की भिंत मिथ्या आहे असं म्हणणारा बहुधा भिंतीच्या बऱ्या बाजूला बसलेला असतो. याला एक अपवाद मात्र फार मोठा आहे. काशीच्या गल्लीत शंकराचार्यांनी समोरून येणाऱ्या चांडाळाला बाजूला हो म्हटलं, तेव्हा त्यानेच उलट विचारलं की दूर कुणी व्हायचं, देहाने की आत्म्याने. आणि सोन्याच्या घड्यातलं आकाश नि मातीच्या घड्यातलं आकाश यांत फरक काय? म्हणजे इथे घटाकाशाचा दाखला भिंतीच्या वाईट बाजूने आला. आचार्य नमले, 'मनीषापंचक' रचलं गेलं. पण कथा इथे थांबत नाही. लगेच खुलासा येतो की तो चांडाळ नव्हताच, प्रत्यक्ष काशीविश्वनाथ होता. इतकं नेमकं बोलणं खऱ्या चांडाळाच्या तोंडी राहू देणं परंपरेला झेपलं नसावं. मला हा खुलासा पहिल्यापासून खटकत आला आहे.

घरात तोडगे निघू लागले. आधी एक रिपीटर आला, भिंतीतल्या सॉकेटला लावायचा. जिथे रेंज नाही तिथे लावायचा म्हणून तो स्वयंपाकघरात लावला गेला. पण ज्याला मुळातलंच नीट ऐकू आलेलं नाही तो पुढे काय सांगणार? शिवाय असला स्वस्तातला रिपीटर ज्या वाटेने ऐकतो त्याच वाटेने बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. (गावोगावच्या प्रवचनांबद्दल माझी तक्रार साधारण अशीच आहे.) मग दिरांनी जास्त जोराचा, आठ शिंगांचा राउटर मागवला आणि ओटीवर चढवला. आता स्वयंपाकघरातल्या फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसू लागल्या. आणि मस्कतहून लेकीचा फोन आला की चित्र गोठायचंच. जाऊबाई भाजीचा डाव हातात घेऊन माजघराच्या दारात यायच्या आणि तिथेच उभ्याने बोलायच्या. "आहे म्हणतोय आणि चालत नाही," त्या म्हणाल्या. "देवासारखंच झालं की हे, वहिनी."

याचं कारण कळल्यावर मी बराच वेळ त्यातच होते. वायफाय दुतर्फी असतं. राउटर फोनला सांगतो आणि फोन दरवेळी राउटरला 'मिळालं' म्हणून उलट सांगतो. ते न मिळाल्यास राउटर तेच पुन्हा पाठवत बसतो. राउटरला विजेचा तुटवडा नाही, तो ओरडू शकतो. फोनला बॅटरी जपायची असते, त्याचा आवाज लहान. काड्या मोजतात ते राउटरचं ओरडणं. फोनचं उत्तर ओटीपर्यंत गेलं की नाही, हे काड्या सांगत नाहीत. म्हणजे शक्ती वाढवून घरात एवढंच साधलं की ओटीवरचा हुकूम आतवर पोचू लागला. आतला शब्द होता तिथेच राहिला. पणजोबांना हा राउटर आवडला असता.

आपल्या साऱ्या ईश्वरचिंतनात व्यापकतेची मापं अशीच एका बाजूने घेतलेली दिसतात. तो सर्वत्र आहे, अणुरेणूत आहे, त्याच्यावाचून पान हलत नाही. या सगळ्या त्याच्या काड्या. मागल्या पडवीतून कुणी काही म्हटलं तर ते त्याच्यापर्यंत कसं जातं, याचं उत्तर सर्वज्ञ या एका विशेषणात उरकलं जातं. वारकऱ्यांनी ते तसं उरकलं नाही, आणि म्हणून तर्काच्या बाबतीत ढिले असूनही मला ते अधिक नेमके वाटतात. त्यांचा विठोबा नुसता व्यापक राहून भागवत नाही. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिच्यासाठी तो मागच्या अंगाला जात्यापाशी येऊन बसतो, खुंटा धरतो, असं परंपरा सांगते. ओटीवरून कृपेचा जोर वाढवत बसत नाही. जिथला आवाज सर्वांत लहान, तिथे जाऊन कान देतो.

तंत्रातला तोडगाही अगदी असाच आहे. लहरीला भिंत ओलांडायला लावू नये. भिंतीतून वायर न्यावी आणि पलीकडे दुसरा डबा बसवावा, म्हणजे फोनचं लहान उत्तर दोन हातांवर ऐकलं जातं. एक डबा माजघरात, एक स्वयंपाकघरात, असं ठरलं. माजघरातली सर्वांत मधली जागा निघाली देवघराच्या कोनाड्यावरची. त्यावर घरात चांगलाच वाद झाला. दीर म्हणाले, देवांच्या डोक्यावर लुकलुकणारा डबा नको. जाऊबाईंनी विचारलं, नंदादीप चालतो, तर हा का नको? माझ्या मते खरी हरकत डब्याला नव्हतीच. डबा लावायचा तर ओटीवर थांबणारा तो मुलगा ड्रिल घेऊन, चपला काढून का होईना, माजघर ओलांडून चुलीपर्यंत येणार, ही होती. पण तसं म्हणायची आता कुणाची छाती नाही, म्हणून देवांना पुढे केलं गेलं. देवांना हे काम जुनंच आहे. शेवटी डबा देवघर टाळून तुळईवर बसला, आणि खरं तर तिथेच तो जास्त चांगला, कारण उंचीवर अडथळे कमी. चिरा ड्रिलला मऊ लागतो, लोण्यात सुरी जावी तसा. तांबडी भुकटी सगळ्या भांड्यांवर बसली. त्या मुलाला जाऊबाईंनी चहा दिला तो स्वयंपाकघरातच, पाटावर बसवून. एवढं झाल्यावर बाळंतिणीच्या खोलीतला प्रश्न थांबला. वीज गेली की दोन्ही डबे मुके होतात, पण त्यासाठी इन्व्हर्टर आहे.

माझ्या मनात मात्र दुसरी भिंत होती, मंगळवेढ्याची. चोखोबांना पंढरपुरात महाद्वाराच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. विठोबा सर्वत्र आहे हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं, त्यांच्याइतकं ते कुणी भोगलं नसेल. आणि १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना ते कूस कोसळून त्याखाली ते गेले. नामदेव आले. ढिगाऱ्यात बरोबरच्या मजुरांचीही हाडं होती. चोख्याची कोणती, हे कसं ओळखायचं? ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोख्याची, असं म्हणतात. ती नामदेवांनी पंढरपुरास नेली आणि महाद्वारापाशी पुरली.

चमत्कार म्हणून ही गोष्ट सांगतात तेव्हा सारं लक्ष हाडांवर असतं. माझं लक्ष नामदेवांवर जातं. एकेक हाड उचलून कानाशी नेणारा माणूस. इथे ऐकू येणं न येणं चोख्याच्या अदृष्टावर सोडलेलं नाही. ऐकणारा वाकला आहे. मात्र गोष्टीत आणखी एक बोचरी बाजू आहे. ती हाडंसुद्धा महाद्वाराच्या बाहेरच राहिली. त्या जागेपासून गाभारा काही पावलांवर आहे आणि ती पावलं चालायला समाजाला १३३८ पासून १९४७ च्या मे महिन्यापर्यंत वेळ लागला, साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केलं तोवर. सहाशे नऊ वर्षं. भिंतीमुळे चोखोबांची भक्ती अधिक खोल गेली असं कुणी म्हटलं की माझा तोल जातो. लहरी भिंतींवरून परावर्तित होऊन कोपऱ्यात पोचतात आणि नव्या राउटरांना त्या परावर्तनांचा उपयोगही करून घेता येतो, हे मला माहीत आहे. त्यासाठी कुणी भिंती बांधत नाही.

नव्या डब्याची एक गोष्ट कुणी गृहीत धरली नव्हती. स्वयंपाकघरातली रेंज मागच्या दारातून मागल्या पडवीत जाते, आणि तिथून परसाच्या टोकापर्यंत. पडवीत दुपारी कामाच्या बाई जेवतात, आणि त्यांचा बारावीतला मुलगा संध्याकाळी आईला न्यायला येतो तो पायरीवर फोन घेऊन बसतो. जाऊबाईंनी त्याला पासवर्ड देऊन टाकला होता. पुतण्याला डब्यावर अनोळखी फोन दिसला तेव्हा हे उघड झालं.

"आई, पासवर्ड असा कुणालाही द्यायचा नसतो. तुझ्या सूनबाईचं कंपनीचं काम असतं त्यावर."

"कुणालाही कुठे दिला? पायरीवर बसतो त्याला दिला."

त्याचं म्हणणं चुकीचं नाही. कामाचं जाळं वेगळं ठेवावं, हे मलाही पटतं. त्यावर सोय आहे: त्याच डब्यातून पाहुण्यांसाठी दुसरं नेटवर्क काढता येतं, त्यातून आतल्या यंत्रांना हात लागत नाही. पुतण्याने ते काढलं. मग त्याने विचारलं की त्या नेटवर्कला वेगाची मर्यादा किती घालायची. दीर म्हणाले, निरोपापुरता ठेव. जाऊबाई म्हणाल्या, मुलगा गणिताचे व्हिडिओ बघतो, ते अडकता कामा नयेत. सूनबाई म्हणाली, माझ्या मीटिंगच्या वेळात तरी थोडा कमी ठेवा. मला विचारलं तेव्हा मी मर्यादाच नको म्हणाले, आणि मला व्यवहार कळत नाही यावर तिघांचं एकमत झालं. आकडा अजून ठरलेला नाही, आणि तोवर मुलाकडे जुनाच पासवर्ड आहे.